सभेचा यजमान

केळवे हे पालघर तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. सुरूच्या बनाकडे पाठ करून गावात शिरले, की दोन्ही बाजूंनी वाड्या लागतात. नारळी, केळी, पानवेलींचे मांडव आणि त्यांच्या सावलीत उतरत्या कौलांची घरे. यांतील जुन्या घरांना पुढच्या बाजूस ओटी असते. येणारा कोणीही असो, तो प्रथम ओटीवर टेकतो. घरचे माणूस त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवते व विचारपूस करते. तो कोण, कोणाकडे आला, कशासाठी आला, हे तेथेच कळते. मग कोणाचे काम ओटीवरच आटोपते, तर कोणाला माजघरात बोलावणे होते. आत आलेल्या पाहुण्यालाही कोणी कपाट उघडून दाखवीत नाही. त्यामुळे आपला अपमान झाला, असे आजवर एकाही पाहुण्याला वाटलेले नाही.

मुलांनो, ही रीत मी लहानपणापासून पाहत आलो. तरी एका सायंकाळी मी ती विसरलो, आणि त्या विसरण्याचे मोल तुमच्याच वयाच्या एका मुलाला द्यावे लागले. ती हकीकत सांगण्यापूर्वी थोडी मागची गोष्ट सांगितली पाहिजे.

२०२० च्या मार्च महिन्यात कोरोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली. केळवे रोड स्थानकावरून पहाटेच्या गाडीने मुंबईस जाणारे चाकरमाने घरी बसले. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील पुष्कळ यंत्रे थांबली. शाळांना कुलपे लागली. परंतु कामे थोडीच थांबतात! हिशेब व्हावयाचे होते, मुलांना शिकवावयाचे होते, कचेऱ्यांचे निर्णय खोळंबले होते. तेव्हा माणसे संगणकाच्या व भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एकत्र जमू लागली. कोणी माडीवर, कोणी वाडीतल्या विहिरीपाशी, जेथे नेटवर्क मिळेल तेथे बसून सभेला हजेरी लावीत असे. सरकारी पत्रकांत या सोयीला दूरदृश्य प्रणाली म्हणतात. लोक मात्र ‘ऑनलाइन मीटिंग’ म्हणतात, आणि मराठीच्या शिक्षकानेही त्यावर रागावण्यात अर्थ नाही. मी या पाठात ‘सभा’ हाच शब्द वापरणार आहे. कारण बसण्याची जागा बदलली तरी सभेची रीत बदलत नाही. सभा बोलावतो तो तिचा यजमान. पडद्यावर त्याच्या नावापुढे ‘होस्ट’ असे लिहिलेले असते.

अशा सभांसाठी झूम, गूगल मीट, टीम्स अशी निरनिराळी साधने आहेत. त्यांपैकी झूमवर डिसेंबर २०१९ च्या अखेरीस एका दिवसात अधिकात अधिक सुमारे १ कोटी जण सभांना येत. मार्च २०२० मध्ये हा आकडा २० कोटींच्या वर गेला. एवढी माणसे तीन महिन्यांत नव्या घरात राहावयास आली म्हणजे दाराची कडी कोठे आहे, हे पाहण्यास सवड कोणाला असणार? थोड्याच दिवसांत देशोदेशींहून तक्रारी येऊ लागल्या. वर्ग चालू असता, प्रार्थना चालू असता, कोणी अनोळखी मनुष्य मध्येच शिरे, आरडाओरडा करी, पडद्यावर अभद्र चित्रे दाखवी आणि निघून जाई.

हे लोक आत कसे येत? प्रत्येक सभेला एक क्रमांक असतो. झूमचा क्रमांक ९, १० किंवा ११ अंकांचा असे. इतका मोठा क्रमांक कोणाला ओळखता येणार, असे आपल्याला वाटते. परंतु अंदाज करणारा मनुष्य नसून संगणक असला, तर तो कंटाळत नाही. ‘चेक पॉइंट’ या संस्थेच्या संशोधकांनी यंत्राकडून असे क्रमांक काढून पाहिले, तेव्हा शंभरांतील सुमारे चार क्रमांक खऱ्या सभांचे निघाले. ही गोष्ट त्यांनी जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध केली. ज्या सभेला पासवर्ड, म्हणजे सांकेतिक शब्द नव्हता, तिच्यात सरळ शिरता येत होते. बहुतेक वेळा तर एवढे कष्टही लागत नसत. यजमानानेच सभेची लिंक चारचौघांत टाकलेली असे.

या बाबतीत मोठ्यामोठ्यांचीही फजिती झाली आहे. ३१ मार्च २०२० रोजी ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी मंत्रिमंडळाच्या ऑनलाइन सभेचे चित्र हौसेने प्रसिद्ध केले, तर त्याच्या कोपऱ्यात सभेचा क्रमांकच दिसत होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात युरोपीय संघातील देशांच्या संरक्षणमंत्र्यांची गुप्त सभा भरली. नेदरलँड्सच्या संरक्षणमंत्र्यांच्या ट्विटर खात्यावर तिचे छायाचित्र झळकले. त्यात प्रवेशाच्या सहा अंकांपैकी पाच अंक वाचता येत होते. आता तुम्हीच गणित करा. उरलेल्या एका जागी शून्यापासून नऊपर्यंत दहाच अंक येऊ शकतात. एका डच वार्ताहराने थोडे प्रयत्न केले आणि तो थेट मंत्र्यांच्या सभेत जाऊन पोहोचला! तो भला मनुष्य होता. त्याने हात हलवून सर्वांना अभिवादन केले, आपली ओळख सांगितली आणि तो निघून गेला. प्रत्येक आगंतुक असा नसतो. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या शेजारच्या कर्नाटकाच्या उच्च न्यायालयात ऑनलाइन सुनावणी चालू असता काही दुष्टांनी आत शिरून अभद्र दृश्ये दाखवली, आणि न्यायालयाला ती सोयच काही काळ बंद ठेवावी लागली. दूरगावच्या पक्षकारांची त्यामुळे केवढी अडचण झाली असेल!

भारत सरकारच्या गृहमंत्रालयातील सायबर समन्वय केंद्राने १६ एप्रिल २०२० रोजी एक सूचनापत्र प्रसिद्ध केले होते. झूम हे साधन सुरक्षित नाही, असे त्यात म्हटले होते. आणि तरीही जे कोणी ते वापरतील त्यांनी काय करावे, हे सांगितले होते. मी ते पत्र दोनदा वाचले, आणि मला आपली ओटीच आठवली. प्रत्येक सभेला नवा क्रमांक व नवा सांकेतिक शब्द ठेवावा. येणाऱ्याला एकदम आत न घेता ‘वेटिंग रूम’मध्ये थांबवावे व नाव पाहून मग आत घ्यावे. वेटिंग रूम म्हणजे ओटीच नव्हे काय? यजमान येण्यापूर्वी कोणालाही आत जाऊ देऊ नये. मंडळी जमली, की सभेला कुलूप लावावे. एकदा बाहेर काढलेल्यास पुन्हा आत घेऊ नये. पडदा दाखवण्याची, म्हणजे स्क्रीन शेअर करण्याची मुभा यजमानाने आपल्याकडेच ठेवावी. आणि काम संपल्यावर यजमानाने नुसते उठून जाऊ नये, तर सभा सर्वांसाठी संपवावी. हा शेवटचा नियम पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. यजमान एकटाच बाहेर पडला, तर मागे सभा चालूच राहू शकते. दिवा न मालवता व दार न लावता घरातून निघून जावे, तसे ते आहे.

हे सारे नियम मी वहीत उतरून घेतले होते. त्या वेळी मी नुकताच मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झालो होतो. जूनमध्ये शाळा भरल्या त्या घराघरांत. आणि ज्या घरी एकच फोन होता किंवा तोही नव्हता, तेथील मुले मागे पडू लागली. गावातील काही मंडळींनी व बाहेरगावच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून अशा मुलांना फोन घेऊन देण्याचे ठरवले. कोणाला मदत मिळाली हे कोणासही सांगावयाचे नाही, हा आमचा पहिलाच ठराव होता. यादी माझ्याजवळ होती. सरांच्या पोटात गोष्ट राहते, असा गावाचा विश्वास.

एका रविवारी सायंकाळी मी सभा बोलावली. क्रमांक नवा होता, सांकेतिक शब्द होता. ४३ माणसे मी एकेक नाव पाहून आत घेतली आणि कुलूप लावले. जमाखर्च सर्वांना दिसावा म्हणून मी माझा पडदा दाखवू लागलो. जमेच्या बाजूचे आकडे वाचून दाखवीत असता पडद्याच्या कोपऱ्यात एक संदेश उमटला. वर पाठवणाऱ्याचे नाव आणि खाली मजकूर: “सर, यादीत माझ्या मुलाचे नाव असू द्या. कारखान्याने मला कामावरून कमी केले आहे. घरी अजून सांगितलेले नाही.”

तो पाच-सात सेकंद तेथे राहिला असेल. मी आकड्यांत गुंतलो होतो. मला तो दिसला तो सर्वांत शेवटी. सभेत एकाएकी शांतता पसरली होती. कोणीतरी हलकेच म्हणाले, “सर, स्क्रीन बंद करा.” गडबडीत मी भलतेच बटण दाबले आणि संदेशांची सबंध यादीच सर्वांसमोर उघडली. अखेर पडदा एकदाचा बंद झाला व सभेतील माणसांच्या चौकटी पुन्हा दिसू लागल्या.

त्या गृहस्थांचा मुलगा सातवीत होता. घरचा एकुलता एक फोन वडिलांपाशी, म्हणून तो शेजारच्या मित्राच्या घरी बसून आमची सभा पाहत होता. कारखाना टाळेबंदीमुळे बंद आहे, बोलावणे आले की बाबा कामावर जातील, एवढेच त्याला व त्याच्या आईला ठाऊक होते. मित्राच्या खांद्याआडून त्याचा चेहरा मला दिसला. तो काही बोलला नाही. उठला आणि चौकटीबाहेर गेला.

केळव्याच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज अमदानीतला भुईकोट आहे. मुलांची सहल तेथे नेली, की मी त्यांना तटाची जाडी दाखवीत असे आणि सांगत असे, की शत्रू नेहमी बाहेरूनच येतो असे नाही. त्या सायंकाळी बाहेरचा कोणीही आत आला नव्हता. दार मी नीट लावले होते. माजघरातले कपाट मात्र मीच उघडे टाकले होते.

रात्री मी माझ्या एका माजी विद्यार्थिनीला फोन केला. ती बोईसरच्या एका कारखान्यात संगणकाचे काम पाहते. सभेला तीही होती. मी विचारले, “बाळ, मी तर हिशेब दाखवीत होतो. मग संदेश लोकांना कसा दिसला?”

“सर, तुम्ही हिशेब नाही दाखवलात. तुम्ही सगळी स्क्रीन दाखवलीत,” ती म्हणाली. मग तिने मला सारे समजावून दिले. एके काळी मी तिला समास शिकवताना जेवढा धीर धरला होता, त्याहून अधिक धीर तिने माझ्यासाठी धरला, हे येथे कबूल केले पाहिजे.

पडदा दाखवणे म्हणजे लोकांपुढे एक कागद धरणे नव्हे. संगणक आपल्या पडद्याची चित्रे दर सेकंदाला अनेक वेळा घेतो आणि सभेतील प्रत्येकाकडे धाडतो. त्यात हिशेब आहे की कोणाचे खाजगी पत्र आहे, हे त्याला कळत नाही. जे उमटते ते जाते. म्हणून तो आरंभीच विचारतो: सबंध पडदा दाखवावयाचा, की एकच खिडकी? घाईत मनुष्य सबंध पडद्याचे बटण दाबतो. एकच खिडकी निवडली, तर तिच्यामागे काय उघडे आहे ते इतरांना दिसत नाही आणि कोपऱ्यात उमटणारे संदेशही सहसा बाहेर जात नाहीत. इंटरनेटवरील एखादे पान दाखवावयाचे असेल, तर तेवढी एक टॅब निवडता येते. फोनवर अधिक जपावे लागते. काही नव्या फोनांत एकच ॲप दाखवण्याची सोय आहे. परंतु बहुधा तेथे सबंध पडदाच जातो. यासाठी सभेपूर्वी ‘डू नॉट डिस्टर्ब’ ही सोय चालू करून संदेशांना गप्प बसवावे. दाखवून झाले, की पडदा तत्काळ बंद करावा. पुष्कळांचा पडदा काम संपल्यावरही दिसत राहतो आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो.

“आणि सर,” फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, “दाखवण्याआधी नको ते सगळे मिटूनच टाकायचे. उघडे नसेल तर चुकून दिसणार कसे?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडाला मुखपट्टी बांधून मी त्या गृहस्थांच्या घरी गेलो. ओटीवर अंतर राखून बसलो. रात्रभर जुळवलेली वाक्ये ऐन वेळी आठवेनात. “माझी चूक झाली. मला क्षमा करा,” एवढेच बोललो. मी वयाने मोठा, त्यामुळे ते संकोचले. थोड्या वेळाने म्हणाले, “सर, गावाला कळले त्याचे काही नाही. काम जाते, पुन्हा मिळते. पण घरी मला सांगायचे होते. आज सांगू, उद्या सांगू, असे करत होतो. उशीर झाला, ते खरे. तरी सांगायचे मीच होते.”

यावर मजपाशी उत्तर नव्हते, आजही नाही. आतून मुलगा पाण्याचा तांब्या घेऊन आला. माझ्याकडे न पाहता त्याने तो माझ्यापुढे ठेवला आणि तो वडिलांना अगदी चिकटून बसला.

काम जाण्यात त्या गृहस्थांचा काही दोष नव्हता. तो संदेश वाचून त्यांना कोणी हिणवले नाही. उलट सभेतील दोघांनी त्यांच्या कामासाठी खटपट केली. तरीही माझ्या हातून त्यांचे काहीतरी हिरावले गेले होते. आपली गोष्ट आपल्या माणसांना आपण, आपल्या वेळी आणि आपल्या शब्दांत सांगावी, हा ज्याचा त्याचा हक्क आहे. मग ती गोष्ट लाजेची असो वा नसो. यजमानाच्या संगणकात अशा कितीतरी जणांच्या गोष्टी विश्वासाने ठेवलेल्या असतात.

ज्या वाटेने तो संदेश बाहेर गेला, त्याच वाटेवर चोरही टपलेले असतात. एखाद्या घरी आजी-आजोबांना फोन येतो, “मी बँकेतून बोलतो आहे. तुमचे खाते बंद होणार आहे. हे ॲप घ्या आणि तुमची स्क्रीन मला दाखवा.” दुसऱ्याचा फोन दुरून पाहू व हाताळू देणाऱ्या अशा ॲपविषयी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. एकदा पडदा दाखवला, की चोराला फारसे काही करावे लागत नाही. पैसे काढताना खातेदाराच्या खात्रीसाठी बँक ‘ओटीपी’, म्हणजे एकदाच चालणारा गुप्त क्रमांक पाठवते. तो कोपऱ्यात उमटतो आणि चोर तो वाचतो. माझ्या सभेत ४३ जणांनी तो संदेश वाचला, अगदी तसाच. पडदा दाखवा, असे खरी बँक सांगत नाही. कोणी सांगू लागला, तर त्याच्याशी वाद न घालता फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच, तर रडत वा लपवत न बसता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळवावे, तितका पैसे वाटेत अडवले जाण्याचा संभव अधिक असतो. तुमच्या घरातील वडील मंडळींना हे ठाऊक आहे का, ते आज विचारून पाहा.

सभा बोलावणे आपल्याला जमणार नाही, असे त्या प्रसंगानंतर काही दिवस माझ्या मनात घोळत होते. परंतु वर्गणी पडून राहिली असती आणि मुले फोनवाचून बसली असती. पुढच्या सभेत मी हिशेबाची एकच खिडकी दाखवली. मुलांची यादी संगणकातून काढून कागदावर उतरवली व कपाटात ठेवली. माझी विद्यार्थिनी यावर हसली; पण कागदावर कोपऱ्यात संदेश उमटत नाही, हे तिलाही मान्य करावे लागले. ऑगस्ट संपण्यापूर्वी फोनांचे वाटप झाले. त्या मुलाचे नाव यादीत होते की नव्हते, हे मी अर्थातच सांगणार नाही.

वर्षअखेरीस त्याच्या वडिलांना दुसऱ्या कारखान्यात काम लागले. तो मुलगा आता महाविद्यालयात जातो. आमच्या वाचनमंडळाची सभा अजूनही महिन्यातून एकदा पडद्यावर भरते, कारण निम्मे सभासद नोकरीनिमित्त बाहेरगावी आहेत. यजमान मीच असतो. परंतु बोलणारा, पडदा दाखवणारा व दाराकडे लक्ष ठेवणारा असा तिहेरी भार एकट्याने पेलणे अवघड, म्हणून मी त्याला सहयजमान केले आहे. सभेपूर्वी पंधरा मिनिटे तो आमच्या ओटीवर येऊन बसतो. गेल्या सभेच्या वेळीही आला होता.

“सर, संदेश बंद केलेत?” त्याने विचारले.

“केले.”

“आणि मागच्या खिडक्या?”

मी पाहिले. पत्रांची खिडकी उघडीच राहिली होती. ती मी मिटली. मग बाहेर थांबलेल्या सभासदांची नावे तो वाचू लागला, आणि एकेकाला आम्ही आत घेतले.